नातवाची सर्दी आणि आजीचं दुखणं

गेल्या आठवड्यात पावसाळ्यात कपड्यांना येणाऱ्या कुबट वासाबद्दल लिहिलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली आहेत, ती पुढे सवडीने घेईन. आज मात्र एक वेगळंच पत्र पुढ्यात घेऊन बसले आहे. कऱ्हाडकडच्या एका भगिनीचं ते पत्र. त्या लिहितात :

"माझं वय ६७. मुलगा आणि सून दोघंही नोकरीला जातात. अडीच वर्षांचा नातू दिवसभर माझ्याजवळ असतो. त्याला सर्दी झाली की तो चार दिवसांत हुंदडायला लागतो, आणि मी मात्र पंधरा दिवस खोकत बसते. या वर्षात असं पाच वेळा झालं. सुनेला सांगावं, तर तिला वाटायचं सासूबाईंना नातू सांभाळायचा कंटाळा आला. मुलाला सांगावं, तर तो म्हणतो, 'मग पाळणाघरात ठेवू का त्याला?' मला नातू नकोसा झालेला नाही हो. पण आता दुखणंही सोसवत नाही. काय करू?"

हे पत्र मी दोनदा वाचलं. कारण नाव तेवढं बदललं, तर ते माझंच पत्र झालं असतं.

२०२४ च्या ऑगस्टमधली गोष्ट. आमचा नातू जूनमध्ये बालवाडीत जायला लागला आणि ऑगस्टपर्यंत त्याच्या तीन सर्द्या झाल्या. तिसऱ्या वेळी तापही होता. बालवाडीतून चिठ्ठी आली, सर्दी-तापाचं मूल पाठवू नये. चिठ्ठी वाचून घरात कुणाला काही विचार करावा लागला नाही. "आई आहेत ना घरी!" सूनबाई म्हणाली, आणि खरं सांगते, मला त्याचा अभिमानच वाटला. मग काय, त्याचं नाक मी पदराने पुसलं आणि त्याच पदराने माझा घाम टिपला. त्याने टाकलेला वरणभात टाकवेना म्हणून खाल्ला. रात्री तो गळ्यात हात टाकून, तोंडाला तोंड लावून झोपला. पाचव्या दिवशी तो सोफ्यावरून उड्या मारत होता, आणि सहाव्या दिवशी मला कणकण आली.

आपण बायका काय करतो? दुखणं अंगावर काढतो. मीही काढलं. सुंठ घातलेला चहा घेतला, रात्री वाफ घेतली, कुणाला बोलले नाही. आठ-दहा दिवस गेले. मग एका सकाळी गॅसवर दूध ठेवलं आणि आपण इथे कशासाठी उभ्या आहोत तेच मला आठवेना. दूध उतू गेलं तरी मी नुसती बघत उभी. ह्यांनी येऊन गॅस बंद केला. ताप पाहिला तर जेमतेम ९९. पण डॉक्टरांनी छाती तपासली, फोटो काढायला लावला, आणि निघाला न्यूमोनिया. पाच दिवस दवाखान्यात काढले.

सूनबाई खाटेशी बसून रडली. "आई, तुम्ही सांगितलं का नाहीत?" म्हणाली. आणि माझ्या मनात आलं, अगं, तू विचारलं का नाहीस? तोंडाने मी काही म्हटलं नाही. पण घरी आल्यावर आम्ही दोघी त्यावर मोकळेपणी बोललो. आज तुम्हांला जे सांगणार आहे, त्यातलं निम्मं डॉक्टरांकडून कळलेलं आणि निम्मं त्या बोलण्यातून निघालेलं आहे.

मुलांनाच इतकी सर्दी का होते?

आधी एक गोष्ट मनातून काढून टाका. सारखी सर्दी होते म्हणजे मूल अशक्त आहे किंवा आई हयगय करते, असं मुळीच नाही. लहान मुलाला वर्षाला सहा ते आठ वेळा सर्दी होणं ही नेहमीची गोष्ट आहे. बालवाडीत किंवा पाळणाघरात जाणाऱ्याला याहूनही जास्त वेळा होते. मोठ्या माणसाला दोन-तीनदा होते. सर्दीच्या विषाणूंच्या एकाच घराण्यात शंभरावर प्रकार आहेत, आणि मुलाच्या शरीराला प्रत्येकाशी पहिली ओळख करून घ्यायची असते. त्यात मुलाचा हात नाकात, मग तोंडात, मग खेळण्यावर, आणि तिथून थेट आजीच्या गालावर!

शिवाय मुलं हे जंतू मोठ्यांपेक्षा अधिक दिवस बाहेर टाकतात. फ्लूचा मोठा माणूस साधारण आठवडाभर दुसऱ्याला लागण देऊ शकतो, मूल त्याहून जास्त. आणि लक्षणं दिसण्याच्या आदल्या दिवसापासूनच लागण सुरू झालेली असते. म्हणजे नातू शिंकायला लागल्यावर आजीने सावध व्हायचं म्हटलं, तर एक दिवस उशीरच झालेला असतो.

आता आजीची बाजू. जन्मभर सर्द्या काढल्या, मग आता काय होणार, असं आपल्याला वाटतं. थोडं खरंही आहे. जुन्या ओळखीचे पुष्कळ जंतू आपलं शरीर परतवून लावतं. पण वय वाढलं की नव्या जंतूशी झुंजायची ताकद मंदावते. खोकून कफ बाहेर टाकायचा जोरही कमी होतो. त्यात मधुमेह, हृदयविकार किंवा दमा असला तर आणखी भर. आपल्यापैकी कितीतरी जणींनी ऐन तरुणपणी चुलीच्या धुरात स्वयंपाक केला. बिडी-सिगारेटला कधी हात न लावलेल्या बाईची फुप्फुसंसुद्धा त्या धुराने कमजोर झालेली असतात. म्हणून एकाच जंतूने नातवाचं नाक वाहतं आणि आजीच्या छातीत न्यूमोनिया होतो. फ्लूचं तसंच, आणि आर. एस. व्ही. नावाच्या विषाणूचंही तसंच. तान्ह्या बाळांच्या छातीत घरघर करणारा हा विषाणू म्हाताऱ्या माणसालाही जड जातो.

खरी चूक कुठे होते?

मैत्रिणींनो, मला सगळ्यात महत्त्वाचं सांगायचं आहे ते हे. मूल बरं असतं तेव्हा ते बालवाडीत जातं. ते आजारी पडलं, की बालवाडी त्याला घेत नाही, आणि ते योग्यच आहे. मग ते येतं आजीकडे. म्हणजे ज्या दिवसांत त्याच्यापासून लागण होण्याचा संभव सगळ्यात जास्त, नेमके तेच दिवस त्याला घरातल्या सगळ्यात नाजूक माणसाच्या मांडीवर दिलं जातं! हे कुणी मुद्दाम करत नाही. पण "आई आहेत ना" या तीन शब्दांत ते ठरून जातं.

आता तरुण मुलांना आणि सुनांना सांगते, रागावू नका. सर्दी-तापाचे पहिले तीन-चार दिवस लागणीच्या दृष्टीने वाईट. निदान त्यातले पहिले दोन दिवस तरी आईबापांपैकी एकाने घरी राहावं. आणि 'एकाने' म्हटलं की सूनबाईनेच रजा टाकायची, असं समजू नका. बापाच्या रजेला काही मुहूर्त लागत नाही. एक दिवस त्याने, एक दिवस तिने. रजा अगदीच मिळत नसेल, तर निदान संध्याकाळी आल्यावर आणि रात्रभर मूल आईबापांनी पाहावं. दिवसभर आजारी मूल कडेवर घेतलेल्या आजीने रात्रीही त्याच्याजवळ जागायचं, हे बरं नव्हे.

आणि आजींनो, आपणही थोडं मान्य करू या. सून म्हणते, "मी रजा घेते," तर आपणच म्हणतो, "कशाला? मी काय मेले आहे का?" दुधापेक्षा दुधावरची साय गोड, हे खरं आहे. पण ती साय आणखी दहा वर्षं खायची असेल, तर थोडं जपायला नको का?

घरात काय करता येईल?

नातवाला दूर ठेवा, असं मी मुळीच म्हणणार नाही. २०२० मध्ये करोनाच्या दिवसांत ते आपण सोसलं आहे. काचेपलीकडून आणि फोनवरून नातवंडं पाहिली. ते पुन्हा नको. पण जवळ घेऊनही जपता येतं.

पहिलं म्हणजे पदर. मुलाचं नाक पदराने पुसायची आपली पिढीजात सवय सोडा. जुन्या धोतराचे किंवा सुती साडीचे मऊ तुकडे करून ठेवा, नाक पुसलं की झाकणाच्या बादलीत टाका, आणि गरम पाण्यात साबणाने धुऊन उन्हात वाळवा. कागदी रुमाल परवडत असतील तर उत्तमच. वापरून लगेच टाकून द्या.

दुसरं, उष्टं. अन्न टाकवत नाही हे मला ठाऊक आहे. म्हणून ताटात आधीच कमी वाढा, लागलं तर पुन्हा घ्या. मुलाचा घास आपल्या तोंडाने फुंकून देऊ नका, त्याचा चमचा चाटून पाहू नका. आजीचं भांडं आणि पंचा वेगळा ठेवा.

तिसरं, पापा. तो घ्याच, पण डोक्यावर नाहीतर पायाच्या तळव्यावर. मुलाला त्याची गंमतच वाटते.

चौथं, हात. साबणाने चोळून, निदान वीस सेकंद. नाक पुसल्यावर, शी-शू काढल्यावर, स्वयंपाकाला लागण्याआधी आणि आपण जेवायला बसण्याआधी. आणि हे मूल आजारी पडल्यावर नव्हे, रोजच. कारण वर सांगितलंच, लागण आदल्या दिवशी सुरू होते. जुलाब-उलट्यांच्या काही विषाणूंवर बाटलीतलं हँड सॅनिटायझर फारसं चालत नाही, तिथे साबण आणि पाणीच हवं. मुलाला बालवाडीतून आल्या आल्या मोरीकडे न्यायची सवय लावा. आधी हात, मग आजी!

पाचवं, हवा. पावसाळ्यात आपण खिडक्या गच्च लावून घेतो आणि सगळ्यांचा श्वास एकाच खोलीत कोंडतो. एक खिडकी तरी फटीएवढी उघडी ठेवा. दोन खोल्यांच्या घरात आजीला वेगळी खोली कुठून आणायची, असं तुम्ही म्हणाल. नका आणू. पण आजारी मुलाला आईच्या कुशीत झोपवा आणि आजीचं अंथरूण त्याच खोलीत पलीकडच्या टोकाला, खिडकीकडे घाला. आजीला दमा किंवा मधुमेह असेल, तर मुलाजवळ बसताना तिने तोंडावर मास्क बांधायला संकोच करू नये. २०२० पासून तो घरोघरी माहीत झालाच आहे.

डोळे आले असतील तर तेच नियम. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर डोळ्यांची साथ आली होती, ते आठवत असेल. मुलाच्या डोळ्यांत औषध घातल्यावर हात धुतल्याशिवाय स्वतःच्या डोळ्यांना हात लावायचा नाही, आणि त्याचा टॉवेल-उशी कुणी वापरायची नाही.

जुलाब लागले तर जलसंजीवनी नातवाला देतो, तशी आजीनेही घ्यावी. दवाखान्यातली पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मात्र मधुमेह, रक्तदाबाच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा.

लस फक्त मुलांसाठी नसते

मुलांच्या लशींचं कार्ड आपण देव्हाऱ्याजवळ जपून ठेवतो. आजीचं कार्ड कुठे आहे? फ्लूचा विषाणू रूप बदलतो, म्हणून ती लस दरवर्षी घ्यायची असते. आपल्याकडे फ्लूचा जोर पावसाळ्यात असतो, तेव्हा ती एप्रिल-मेमध्ये घेतलेली बरी. न्यूमोनियाच्या एका मुख्य जंतूविरुद्धही मोठ्यांसाठी लस आहे. वय आणि इतर दुखणी पाहून ती कधी घ्यायची ते डॉक्टर सांगतील. आर. एस. व्ही.वरची वृद्धांसाठीची लस अमेरिकेत २०२३ मध्ये मंजूर झाली, तिच्याबद्दलही विचारून ठेवा. पैसे पडतात हे खरं, पण दवाखान्यातल्या पाच दिवसांचं बिल मी पाहिलं आहे.

आणि गंमत पाहा, नातवाला दिलेली लस आजीच्याही उपयोगी पडते. न्यूमोनियाचा तो जंतू लहान मुलांच्या नाकात घर करून राहतो. अमेरिकेत २००० पासून तान्ह्या मुलांना त्याची लस सुरू झाली, तेव्हा पुढच्या काही वर्षांत ६५ वर्षांवरच्या माणसांनाही त्या जंतूचे गंभीर आजार कमी होऊ लागले. लस टोचली नातवंडांना, वाचली आजी-आजोबा! आपल्याकडे ही लस सरकारी लसीकरणात २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि २०२१ पासून देशभर मिळू लागली.

जपानचीही अशीच गोष्ट आहे. तिथे १९६२ पासून शाळकरी मुलांना फ्लूची लस देत असत. १९८७ पासून पालकांना नाही म्हणायची मुभा मिळाली आणि १९९४ मध्ये तो कार्यक्रमच थांबला. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की मुलांना लस मिळत होती त्या वर्षांत हिवाळ्यातले जादा मृत्यू उतरले होते आणि ती थांबल्यावर पुन्हा चढले. हिवाळ्यात जाणारी ही माणसं बहुतेक म्हातारी असतात. तेव्हा नातवाची लस चुकवू नका. ती तुमच्याही कामाची आहे.

कांजिण्या आणि नागीण

याविषयी फार गैरसमज आहे. नातवाला कांजिण्या आल्या म्हणून आजीला नागीण होत नाही. नागिणीचा विषाणू बाहेरून येत नाही. लहानपणी आपल्याला कांजिण्या आलेल्या असतात, तेव्हापासून तो आपल्याच अंगात झोपून असतो आणि उतारवयात जागा होतो. उलट आजीच्या नागिणीच्या फोडांतल्या पाण्यामुळे, लस न घेतलेल्या नातवाला कांजिण्या येऊ शकतात. तेव्हा फोड झाकून ठेवा. मात्र ज्या आजीला जन्मात कधी कांजिण्या आल्याच नाहीत, तिने कांजिण्यांच्या मुलापासून दूर राहावं आणि लगेच डॉक्टरांना विचारावं. मोठेपणी त्या फार जड जातात.

डॉक्टरकडे कधी जायचं?

हे कात्रण कापून फ्रीजवर लावा, म्हणजे घरातले सगळे वाचतील. म्हाताऱ्या माणसाला मोठा आजार असला तरी ताप फार चढेलच असं नाही. माझं उदाहरण सांगितलंच. म्हणून ताप कमी आहे यावर विसंबू नका. धाप लागणं, छातीत दुखणं, एकाएकी गोंधळल्यासारखं किंवा असंबद्ध बोलणं, तोल जाऊन पडणं, जेवण-पाणी सुटणं, लघवी कमी होणं, तीन दिवसांवर ताप राहणं, किंवा बरं वाटून पुन्हा ताप येणं, यातलं एक जरी दिसलं तरी त्याच दिवशी डॉक्टर. घरात बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र असेल आणि आकडा ९४ च्या खाली दिसत असेल, तर थांबूच नका. फ्लूवरचं औषध पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर अधिक गुणकारी ठरतं. म्हणून आजीने 'बघू उद्या' म्हणण्यात तोटाच असतो.

नातवाच्या बाटलीत उरलेलं औषध आपण घेऊ नका. सर्दीच्या काही औषधांनी रक्तदाब वाढतो, काहींनी झोप येऊन तोल जातो. आजोबांना प्रोस्टेटचा त्रास असेल तर काहींनी लघवी तुंबते. साध्या सर्दीवर अँटिबायोटिक चालत नाही, तेव्हा दुकानातून आणून खाऊही नका.

आता कऱ्हाडच्या भगिनींना

ताई, तुम्ही विचारलंत, काय करू? सांगा. पण नातू खोकत असताना, सगळे घाईत असताना सांगू नका. तो बरा असेल अशा एखाद्या रविवारी, चहाच्या वेळी दोघांनाही समोर बसवून सांगा. असं म्हणा, "मला हा हवाच आहे. रोज हवा आहे. पण तो तापाने फणफणलेला असताना पहिले दोन दिवस तुम्ही वाटून घ्या. तिसऱ्या दिवसापासून मी आहेच." मुलगा पाळणाघराचं नाव काढेल, तर त्याला म्हणा, "पाळणाघरसुद्धा आजारी मूल घेत नाही रे. मग आईनेच काय ते घ्यायचं?" हसून म्हणा, पण म्हणा.

आणि सुनांनो, तुम्ही सासूबाई बोलण्याची वाट पाहू नका. त्या बोलणार नाहीत. मूल बरं झाल्यावर आठवडाभर त्यांना रोज एकदा विचारा, "आई, तुम्हांला कसं वाटतंय?" आणि "बरं आहे" या उत्तरावर जाऊ नका. कपाळाला हात लावून पाहा.

आमच्या घरी आता एक नियम झाला आहे. नातवाचा ताप पाहायला थर्मामीटर निघालं की तेच धुऊन मलाही लावायचं. परवा तो स्वतःच घेऊन आला आणि म्हणाला, "आजी, आता तुझा नंबर." निमूटपणे लावून घेतलं. ताप नव्हता.

पुढच्या आठवड्यात पावसाळी भाज्या निवडण्या-धुण्याबद्दल बोलू. तोवर हात धुवा आणि पदर जपा!